नियंत्रण-फलक : संगणकीय ध्वनिमिश्रणातील हस्तक्रियेचे साधन

१. विषयप्रवेश

ध्वनिमुद्रित संगीताच्या निर्मितीत मुद्रण आणि मिश्रण या दोन निरनिराळ्या क्रिया होत. पहिलीत गायक-वादकांचे ध्वनी स्वतंत्र ट्रॅकांवर नोंदले जातात. दुसरीत त्या ट्रॅकांचे परस्परांशी असलेले प्रमाण ठरविले जाते. तबल्याने गायनास झाकू नये, तानपुऱ्याचा नाद सतत जाणवावा परंतु पुढे येऊ नये, गायकाने आवाज हळुवार केला की सारंगीनेही किंचित मागे सरावे, असे लहानमोठे शेकडो निर्णय मिश्रणाच्या वेळी घ्यावे लागतात. हे निर्णय कानाने होतात आणि हाताने अंमलात येतात. कान आणि हात यांमधील अंतर जितके कमी, तितका निर्णय सहज होतो, ही गोष्ट या व्यवसायातील जाणत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

ध्वनिमुद्रणगृहांतील जुन्या मिक्सरवर प्रत्येक ट्रॅकास स्वतःचा एक फेडर व स्वतःच्या घुंड्या असत. दहा बोटांनी दहा फेडर एकाच वेळी सरकविता येत आणि त्यासाठी खाली पाहण्याचीही गरज नसे. संगणक आल्यावर हे सारे फेडर पडद्यावरील चित्रांत रूपांतरित झाले आणि त्यांना हलविण्यासाठी उरला तो एकच माउस. पूर्वी एका हालचालीत होणारे काम आता शोधणे, नेमके टेकणे, ओढणे व सोडणे अशा चार पायऱ्यांनी होऊ लागले. या अडचणीवर उपाय म्हणून जे उपकरण निर्माण झाले, त्यास कंट्रोल सरफेस म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी नियंत्रण-फलक ही संज्ञा योजिली आहे.

नियंत्रण-फलक दिसावयास लहान मिक्सरसारखा असतो, परंतु त्याचे स्वरूप मूलतः भिन्न आहे. मिक्सरमधून प्रत्यक्ष ध्वनीचा विद्युत्प्रवाह जातो. फेडर खाली ओढला की तो प्रवाहच क्षीण होतो. नियंत्रण-फलकाच्या फेडरमधून ध्वनी जात नाही. जातो तो केवळ एक अंक. तो अंक संगणकातील आज्ञावलीस पोहोचतो आणि ध्वनीवरील सारी क्रिया ती आज्ञावली करते. काही उपकरणांत ध्वनी आत-बाहेर नेण्याची सोयही त्याच पेटीत बसविलेली असते. पण तेथेही ही दोन कार्ये तत्त्वतः वेगळीच राहतात. ‘फलकाने ध्वनी सुधारतो काय?’ या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या भेदातच आहे. फलक ध्वनीस स्पर्श करीत नाही. सुधारणा झालीच तर ती करणाऱ्याच्या निर्णयांत होते. म्हणून फलक व आज्ञावली यांमध्ये जाणारा अंक कसा असतो, तो किती सूक्ष्म असतो आणि त्यास उत्तर मिळते की नाही, हाच या विषयाचा गाभा होय.

२. पूर्वेतिहास

या उपकरणाची दोन घराणी आहेत. पहिले घराणे मोठ्या मिक्सरांचे. मिश्रण करताना हाताने केलेल्या हालचाली नोंदून ठेवाव्यात आणि पुढच्या वेळी यंत्राने त्या जशाच्या तशा पुन्हा कराव्यात, ही कल्पना १९७०च्या दशकात प्रत्यक्षात आली. इंग्लंडमधील नीव्ह कंपनीच्या नेकॅम या रचनेत मिक्सरच्या फेडरांना मोटारी जोडलेल्या होत्या. नोंदलेले मिश्रण चालू केले की फेडर आपोआप सरकू लागत. फेडर हे केवळ आज्ञा देण्याचे साधन न राहता सद्यःस्थिती दाखविण्याचेही साधन झाले, हे या शोधाचे खरे महत्त्व.

दुसरे घराणे विद्युत्-वाद्यांचे. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी बोलू शकत नसत. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली ध्वनि-अभियंत्यांच्या परिषदेपुढे एका सार्वत्रिक संकेतपद्धतीची योजना मांडली. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचाही या कार्यात मोठा वाटा होता. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्य-प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. हीच मिडी पद्धती. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आजचे बहुसंख्य फलक याच भाषेत बोलतात.

दोन्ही घराण्यांचा संगम १९९७ साली झाला. मॅकी कंपनीने प्रो टूल्स या आज्ञावलीच्या निर्मात्या डिजिडिझाइन कंपनीच्या सहकार्याने ह्यूई नावाचा फलक तयार केला. त्यावर मोटारीचे आठ फेडर होते आणि संगणकाशी त्याचा व्यवहार मिडीच्या तारेतून चाले. पुढे काही वर्षांतच याच कंपनीने इमॅजिक या जर्मन कंपनीच्या लॉजिक या आज्ञावलीसाठी दुसरा फलक बनविला व त्याच्या संकेतांचे रूप पुढे मॅकी कंट्रोल या नावाने सर्वत्र पसरले. मूळ फलक मागे पडले, परंतु त्यांच्या संकेतभाषा जिवंत राहिल्या. आज अन्य कंपन्यांचे कित्येक फलक आपण जणू मॅकीचाच फलक आहोत असे संगणकास भासवितात, आणि आज्ञावलीही ते निमूटपणे मान्य करते.

३. संदेशाचे स्वरूप आणि त्याची सूक्ष्मता

मिडीतील नियंत्रण-संदेश तीन बाइटांचा असतो. पहिला बाइट संदेशाचा प्रकार व १६ वाहिन्यांपैकी वाहिनी सांगतो. दुसरा कोणते नियंत्रण हलले त्याचा क्रमांक. तिसरा त्याचे नवे मूल्य. दुसऱ्या व तिसऱ्या बाइटांत उपयोगाचे सातच बिट असल्यामुळे मूल्ये ० ते १२७ एवढीच, म्हणजे एकूण १२८ असू शकतात. काही क्रमांकांचे अर्थ संकेताने ठरलेले आहेत. ७ हा क्रमांक आवाजाच्या पातळीचा, १० हा डाव्या-उजव्या स्थानाचा आणि ६४ हा पायाने दाबावयाच्या पेडलचा.

१२८ पायऱ्या पुरेशा आहेत काय? उत्तर कोणत्या कामासाठी, यावर अवलंबून आहे. ६० डेसिबेलचा विस्तार १२७ समान अंतरांत वाटला तर प्रत्येक पायरी सुमारे अर्ध्या डेसिबेलची होते. साधारण श्रोत्यास ती जाणवणार नाही. परंतु सावकाश विरत जाणाऱ्या आलापीत अनुभवी कानास ती टोचू शकते. ध्वनिगाळणीची सीमा सरकवावयाची असेल तर अडचण अधिक मोठी. २० ते २०,००० हर्ट्झ हा पल्ला जवळजवळ दहा सप्तकांचा आहे. त्याचे १२७ भाग केले तर प्रत्येक भाग सुमारे ९४ सेंट, म्हणजे जवळजवळ एका अर्धस्वराएवढा येतो. अशी गाळणी फिरविताना अखंड घसरण ऐकू न येता पायऱ्यांची खरखर ऐकू येण्याचा संभव असतो. पुष्कळ आज्ञावल्या दोन पायऱ्यांमधील मूल्ये स्वतः भरून ही खरखर झाकतात. पण त्यामुळे हाताची सूक्ष्म इच्छा त्यांना कळते असे नव्हे.

मिडीत एक संदेश मात्र पहिल्यापासून १४ बिटांचा आहे. तो म्हणजे स्वर वाकविण्याचा, ज्याच्या आधारे विद्युत्-कळफलकावर मींडेसारखा परिणाम साधता येतो. त्यात १६,३८४ मूल्ये मावतात. मॅकी कंट्रोलच्या रचनाकारांनी या संदेशाचा चतुराईने उपयोग केला. त्यांच्या फलकाचा प्रत्येक फेडर स्वर वाकविण्याचाच संदेश पाठवितो. आठ ट्रॅक-फेडर पहिल्या आठ वाहिन्यांवर आणि मुख्य फेडर नवव्या वाहिनीवर. येथे स्वर वाकविण्याचा काहीही संबंध नाही. मोठे पात्र हवे होते, ते घेतले आणि त्यात दुसरा पदार्थ ठेवला, इतकेच. प्रत्यक्ष फेडरची मोजणी १४ बिटांहून कमी सूक्ष्म असते. सुमारे १०२४ पायऱ्या धरल्या तरी ६० डेसिबेलच्या पल्ल्यात प्रत्येक पायरी एका डेसिबेलच्या सोळाव्या-सतराव्या भागाएवढी होते, आणि तेवढ्याने कानाचे समाधान होते.

वेगाचाही विचार केला पाहिजे. मूळ मिडी तारेतून सेकंदास ३१,२५० बिट जातात. प्रत्येक बाइटामागे आरंभ व अंत दाखविणारे बिट धरून दहा बिट खर्च होत असल्याने तीन बाइटांच्या संदेशास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे सेकंदास जास्तीत जास्त हजाराच्या आसपास संदेश. आठ फेडर एकदम हलले तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १३० येतात. हाताच्या हालचालीस हे पुरेसे आहे. परंतु दिवे, अक्षरपट्टी व मोटारी यांचे संदेश त्यात मिसळले म्हणजे तार भरून जाते. पुढे यूएसबी जोडणी आल्यावर ही कोंडी बहुतांशी सुटली. जानेवारी २०२० मध्ये मान्य झालेल्या मिडी २.० या नव्या पद्धतीत नियंत्रणाचे मूल्य ३२ बिटांचे आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलणे हे तिचे मूळ तत्त्व आहे.

४. उलट दिशेचा प्रवाह

नियंत्रण-फलकाची खरी कसोटी तो काय सांगतो यापेक्षा तो काय ऐकतो यात आहे. एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. फलकावरील साधी घुंडी २० या स्थानी आहे. आज्ञावलीत मात्र त्याच नियंत्रणाचे मूल्य १०० आहे, कारण ते माउसने बदललेले आहे किंवा जुने मिश्रण नव्याने उघडलेले आहे. आता घुंडी किंचित फिरविली तर ती २१ हा अंक पाठविते, आणि आवाज १०० वरून एकदम २१ वर कोसळतो. ध्वनिक्षेपणाचा कार्यक्रम चालू असता असे घडले तर ते मिश्रण गेलेच म्हणावयाचे.

यावर तीन प्रकारचे उपाय योजिले जातात. पहिला उपाय आज्ञावलीचा. घुंडी फिरत फिरत १०० पर्यंत पोहोचेपर्यंत आज्ञावली तिच्याकडे दुर्लक्ष करते आणि तेथे गाठ पडली म्हणजेच तिचे ऐकू लागते; अथवा उरलेल्या पल्ल्याचे प्रमाण बदलून दोन्ही मूल्ये हळूहळू एकत्र आणते. हा उपाय स्वस्त आहे, पण त्यात हाताची काही हालचाल वाया जाते.

दुसरा उपाय एन्कोडरचा. ही घुंडी कोठेही न अडता गोल फिरते. तिच्या आत दोन स्पंद निर्माण होतात व त्यांत पाव आवर्तनाचे अंतर असते. कोणता स्पंद आधी आला त्यावरून फिरण्याची दिशा कळते. ती ‘मी अमुक स्थानी आहे’ असे न सांगता ‘इतके पुढे’ अथवा ‘इतके मागे’ एवढेच सांगते. मॅकी कंट्रोलमध्ये उजवीकडील एका पायरीस १ आणि डावीकडील एका पायरीस ६५ हा अंक जातो. घुंडीस स्वतःचे स्थानच नसल्यामुळे मतभेदाचा प्रश्न उद्भवत नाही. सद्यःस्थिती घुंडीभोवतीच्या दिव्यांच्या कड्यावर आज्ञावली दाखविते. परंतु येथे एक धोका संभवतो. सापेक्ष अंक लिहिण्याच्या तीन-चार निरनिराळ्या रीती प्रचारात आहेत. फलकाची रीत एक व आज्ञावलीने धरलेली दुसरी असेल, तर घुंडी उलटी चालते वा एकदम उड्या मारते. पुष्कळदा लोक अशा वेळी उपकरण सदोष मानतात. वस्तुतः दोष रीतीच्या निवडीत असतो.

तिसरा उपाय मोटारीच्या फेडरचा. आज्ञावलीतील मूल्य बदलले की फेडर स्वतःच तेथे जातो. मात्र हात फेडरवर असताना मोटार विरुद्ध दिशेने ओढू लागली तर झोंबी सुरू होईल. म्हणून फेडरच्या बोंडीवर स्पर्श ओळखणारी योजना असते. बोट टेकताच वेगळा संदेश जातो, मोटार थांबते, आणि बोट उचलताच पुन्हा आज्ञावलीची सत्ता सुरू होते. या स्पर्शसंदेशावरच स्वयंचलित मिश्रणाची एक महत्त्वाची पद्धत उभी आहे. ‘टच’ या पद्धतीत बोट टेकलेले असेतो नवी हालचाल नोंदली जाते आणि सोडताच फेडर पूर्वीच्या नोंदीवर परततो. ‘लॅच’ या पद्धतीत सोडल्यावरही शेवटचे मूल्य मुद्रण थांबेपर्यंत कायम राहते. एखादाच शब्द दबला असेल तर पहिली पद्धत योग्य. संपूर्ण अंतऱ्याची पातळी बदलावयाची असेल तर दुसरी. ज्या फलकास स्पर्श कळत नाही त्याच्यावर पहिली पद्धत नीट चालत नाही, कारण बोट केव्हा उचलले हेच आज्ञावलीस समजत नाही.

५. जोडणीचे दोन मार्ग

फलक आज्ञावलीशी जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग शिकविण्याचा. पडद्यावर एक नियंत्रण निवडावयाचे, फलकावरील हवी ती घुंडी फिरवावयाची. आज्ञावली त्या दोहोंची गाठ बांधून ठेवते. हा मार्ग सोपा व लवचीक आहे. पण ही गाठ एका विशिष्ट नियंत्रणापुरती असते. ट्रॅक बदलला, नवे वाद्य घेतले की नव्या गाठी माराव्या लागतात आणि कोणती घुंडी कशाची हे स्मरणात ठेवण्याचा भार वाढत जातो.

दुसरा मार्ग ठरलेल्या भाषेचा. ह्यूई किंवा मॅकी कंट्रोल या भाषांत प्रत्येक कळेचा अर्थ पूर्वीच निश्चित आहे. ९४ क्रमांकाचा स्वरसंदेश म्हणजे वादन सुरू करणे, ९३ म्हणजे थांबविणे, ९५ म्हणजे मुद्रण. आठ फेडर नेहमी आठ ट्रॅकांचे. ४८ ट्रॅक असतील तर आठ-आठांच्या सहा फळ्या एकामागून एक पुढे आणावयाच्या. फळी बदलताच मोटारी नव्या आठ ट्रॅकांच्या स्थानी जातात आणि अक्षरपट्टीवर त्यांची नावे उमटतात. ह्यूईच्या भाषेत संगणक फलकास दर सेकंदास ‘आहेस ना?’ अशी हाक देतो व फलक ओ देतो. ओ मिळाली नाही तर जोडणी तुटली असे समजावयाचे. पुष्कळ तक्रारींचे मूळ येथेच सापडते. संगणकाकडे येणारी तार लावलेली असते, पण संगणकाकडून जाणारा मार्ग आज्ञावलीत निवडलेलाच नसतो. फलक बोलतो, परंतु त्यास काहीच ऐकू येत नाही. परिणामी मोटारी निश्चल आणि दिवे मंद राहतात.

या दोहोंपलीकडे मिडीची चौकट सोडून गेलेल्या भाषाही आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगीत-संशोधन केंद्रात १९९७च्या सुमारास ओपन साउंड कंट्रोल ही पद्धती तयार झाली. तीत क्रमांकाऐवजी पत्ता लिहिला जातो. ‘ट्रॅक, तिसरा, पातळी’ असा तो वाचता येतो आणि मूल्य दशांश अपूर्णांकात असते. युफोनिक्स कंपनीची युकॉन ही भाषा संगणकांच्या जाळ्यातून चालते. ही कंपनी २०१० साली अ‍ॅव्हिडने घेतली. या भाषा अधिक संपन्न आहेत, परंतु त्या समजणाऱ्या आज्ञावल्यांची संख्या मर्यादित आहे.

या भेदाचा आर्थिक परिणाम साधा नाही. ज्या फलकाची भाषा एकाच कंपनीस ठाऊक असते, त्याचे आयुष्य त्या कंपनीच्या इच्छेवर अवलंबून असते. संगणकाची कार्यप्रणाली बदलली आणि कंपनीने नवा दुवा पुरविला नाही, तर मोटारी, घुंड्या व कळा पूर्ण सुस्थितीत असूनही तो फलक अडगळीत जातो. उलट सर्वसामान्य मिडी बोलणारा जुना फलक आजच्या संगणकाशीही सहसा जोडता येतो. लहान ध्वनिमुद्रणगृहाने खर्च करताना फेडरांच्या संख्येआधी भाषेची चौकशी करावी, हे यावरून उघड होते.

६. हात आणि कान

फलकाचा खरा लाभ कशात आहे? वेग हे अपुरे उत्तर आहे. एकच मूल्य नेमके ठरविणे, ध्वनीचा एखादा तुकडा कापणे वा नाव टंकणे ही कामे माउस व कळफलक यांनीच अधिक चांगली होतात; तेथे फलकाचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. लाभ आहे तो एकाच वेळी अनेक गोष्टी परस्परसंबंधाने हलविण्यात. विल्यम बक्स्टन व ब्रॅड मायर्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की दोन्ही हातांना स्वतंत्र साधने दिली असता लोक सहजपणे दोन क्रिया एकदम करू लागतात आणि त्यांचे काम एका हाताने करणाऱ्यांहून लवकर होते. मिश्रणात तर हे अधिकच लागू पडते. गायन वर व साथ खाली, हा एकच निर्णय आहे. माउसने करताना त्याचे दोन निर्णय होतात आणि पहिल्याचा परिणाम ऐकेपर्यंत दुसरा राहून जातो.

दुसरा लाभ लक्षाचा. पडद्याकडे पाहणारा मनुष्य आलेख पाहू लागतो आणि नकळत डोळ्यांनी मिश्रण करतो. रेषा सारख्या दिसल्या म्हणजे ध्वनीही समतोल झाला असे त्यास वाटते. बोटांखाली फेडर असला तर डोळे मिटूनही काम चालू राहते. अर्थात हे केवळ हात ठरलेल्या जागी आपोआप जाऊ लागल्यावरच घडते. दर आठवड्यास जोडणी बदलणाऱ्याच्या हातास ही सवय कधीच लागत नाही आणि मग फलक हा पडद्याइतकाच पाहण्याचा दुसरा पदार्थ होऊन बसतो.

दृष्टिहीन कलावंतांच्या बाबतीत हा प्रश्न सोयीचा राहत नाही, तो प्रवेशाचाच होतो. पडद्यावरील फेडरचे चित्र त्यांना अस्तित्वातच नसते. मोटारीचा फेडर मात्र आपले मूल्य बोटास सांगतो. ट्रॅकाची पातळी उंचीच्या रूपाने हातास कळते. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या काही कळफलकांत घुंडीस नुसता स्पर्श करताच तिचे नाव व मूल्य संगणक उच्चारून सांगतो. संगीताच्या क्षेत्रात दृष्टिहीनांची परंपरा मोठी असता, ध्वनिमिश्रणाचे दालन त्यांना केवळ पडद्यामुळे बंद राहावे हे विपरीत होय. त्या दृष्टीने नियंत्रण-फलकाकडे पाहिले म्हणजे उलट दिशेच्या प्रवाहाचे महत्त्व पूर्णपणे ध्यानात येते.

७. समारोप

वरील विवेचनावरून फलकाची पारख करण्याचे चार प्रश्न हाती येतात. त्याची भाषा कोणती व ती किती आज्ञावल्यांना कळते? त्याच्या अंकाची सूक्ष्मता योजिलेल्या कामास पुरेशी आहे काय? आज्ञावलीतील बदल तो हातास किंवा डोळ्यास परत सांगतो काय? आणि त्याची रचना इतकी स्थिर आहे काय, की ती काही महिन्यांत हातास पाठ होईल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात मिळतील. चौथ्याचे उत्तर उपयोग करणाऱ्याने स्वतःच्या शिस्तीने द्यावयाचे असते. मोटारीचे आठ फेडर कोणासही विकत घेता येतात; परंतु डोळे मिटून तिसऱ्या फेडरवर नेमके जाणारे बोट अभ्यासानेच मिळते, आणि ते मिळाल्यावरच फलकावर केलेला खर्च सार्थकी लागतो.